मोजणीदारांची मेंदी

कुंडलिकराव मोजणीदारांचे पाय बिघडले ते बुटांमुळे, हे बारामतीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुंडलिकरावांना ते मान्य नव्हतं.

बूट साहेबाचे होते. कालव्यावरचा गोरा साहेब बदली होऊन निघाला तेव्हा त्यानं बंगल्यातलं सामान वाटून टाकलं. शिपायाला छत्री मिळाली, माळ्याला कुत्रं मिळालं आणि कुंडलिकरावांना बूट मिळाले. काळे, चकचकीत, नाडीचे. आता साहेबाचा पाय लांब आणि अरुंद, कुंडलिकरावांचा आखूड आणि ऐसपैस. त्याला त्यांचा इलाज नव्हता. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. दिवाळी झाली की कोकणाच्या अंगाला जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं, असं चालून चालून त्या घराण्याचे पाय पसरले होते. वडील सिद्धू जन्मभर अनवाणी चालले आणि पायांविषयी एक अक्षर न बोलता वारले. मुलगा मात्र व्हर्नाक्युलर फायनल पास झाला, कालव्याच्या ऑफिसात चिकटला, आणि आता तर त्याला बूट मिळाले होते. ते काय ट्रंकेत ठेवायचे?

मोजणीदाराचं काम म्हणजे चालणं. पाटाच्या पाण्यावर कुणाचा किती ऊस भिजला, कुणाची किती वांगी भिजली, हे बांधाबांधानं फिरून साखळीनं मोजायचं. इतकी वर्षं ते वहाणांवर नीट चाललं होतं. संक्रांतीला बूट आले आणि शिमग्यापर्यंत दोन्ही टाचांना भेगा पडल्या, करंगळ्या सुजल्या, तळव्यांची आग होऊ लागली. आधी ते उजव्या पायानं लंगडत. मग उजव्याला जपता जपता डाव्यानंही लंगडू लागले. दोन्हीकडून सारखंच लंगडलं की ते लोकांच्या ध्यानात येत नाही, असा त्यांचा समज होता.

"आवं, बूट तेवढं काडा पायातनं," छबूबाई म्हणाली. छबूबाई म्हणजे त्यांची बायको. ती कमी बोलायची आणि हसायची तर त्याहून कमी.

"बूट हा खात्याचा मान आहे," कुंडलिकराव म्हणाले. राग आला किंवा अडचणीत सापडले की ते पुस्तकातलं बोलत.

मनातून मात्र त्यांना पटलं होतं. फक्त बूट आपण होऊन काढले असं दिसता कामा नये, वरून हुकूम आला म्हणून नाइलाजानं काढले असं दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून ते हेडक्लार्ककडे गेले.

"कामावर वहाणा घालायची परवानगी असावी," ते अदबीनं म्हणाले.

हेडक्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं. "बूट घालायचा हुकूम आहे का?"

"नाही."

"मग न घालायची परवानगी कशी देणार? आधी सक्ती हवी, मग सूट."

"मग बुटांवर बंदी तरी घालावी."

"खात्यात बूट आहेत कुणाकडे?"

"माझ्याकडेच आहेत."

हेडक्लार्क विचारात पडला. एका इसमाच्या दोन बुटांवर बंदी घालायची तर प्रकरण पुण्याला पाठवावं लागेल, तिथून ते कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि उत्तर येईपर्यंत मोजणीदारांनी सध्याच्याच पादत्राणांत काम करावं हे बरं, असं त्यानं सांगितलं. कुंडलिकराव बुटांतच घरी आले.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये रतनचं लग्न निघालं.

रतन त्यांची एकुलती एक लेक. स्थळ आणलं शेजारच्या गेणबानं. गेणबाचा भाजीचा मळा पाटाला लागून होता आणि तो माल घेऊन इंदापूरच्या बाजाराला जायचा, तेव्हा त्याच्या ओळखी पुष्कळ. इंदापूरचे आबासाहेब म्हणजे बागायतदार माणूस, घरात खाऊनपिऊन सुख. मुलगा मानसिंग शांत आणि कामसू. ते बापलेक येऊन रतनला पाहून गेले, मुलगी पसंत पडली. रतननंही दाराआडून मुलगा पाहिला होता आणि तेव्हापासून ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. आता उरलं एवढंच की कुंडलिकरावांनी इंदापूरला जायचं, आबासाहेबांच्या आईला, आक्काबाईला भेटायचं, आणि तिच्या देखत सुपारी फोडायची.

"आन् म्हातारीचं तेवढं संबाळा," गेणबा म्हणाला. "लई बारीक नजर हाय. डाळजची पोरगी पसंत केली हुती त्येनी. चांगली देकनी पोरगी. सुपारी फोडायच्या वक्ताला म्हातारी म्हनली, न्हाय. का? तर पोरीचा चुलता चकना."

"चुलता?"

"चुलता! आन् तुमी तर सक्का बाप. लंगडत ग्येलात तर म्हातारी म्हनंल, रगतातच हाय."

कुंडलिकरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. लेकीचं ठरत आलेलं लग्न आपल्या टाचांवरून मोडलं, तर ते तिला तोंड कसं दाखवणार? दिवस तर ठरला होता, आणि ऐनवेळी पुढे ढकललं की लोक नाही नाही ते बोलतात. तेव्हा इंदापुरात न लंगडता सरळ चालायचं, आणि त्याआधी घरच्या घरी, गाजावाजा न करता पाय दुरुस्त करायचे असं त्यांनी ठरवलं. बूट काढण्याचा विचार त्यांच्या मनात पुन्हा आला होता. पण व्याह्याच्या दारी पहिल्यांदा जायचं आणि तेही बुटांशिवाय, हे त्यांना पटेना.

पहिला इलाज अगदी साधा. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही असं कुणालाही वाटेल. पण घरातलं तांब्याचं घंगाळ नेमकं कुणाच्या तरी बारशाला गेलं होतं, आणि बादलीत कुंडलिकरावांचा एकावेळी एकच पाय मावत होता. उजवा शेकून होईपर्यंत डाव्याच्या वाट्याला गार पाणी आलं. "जरा ऊन पाणी घाल गं," असं त्यांनी मागं न बघता सांगितलं, आणि छबूबाईनं चुलीवरचं आधण न बोलता बादलीत ओतलं. त्यानंतर मोजणीदार परसात एका पायावर बरंच अंतर गेले.

हे सारं कुंपणावरून ठमाबाई बघत होती. ठमाबाई ही गेणबाची बायको. सल्ला देण्यात नवऱ्याच्या दोन पावलं पुढे.

"मिठाच्या पान्यानं काय हुतंय, दाजी?" ती म्हणाली. "काशाची वाटी घासा तळव्याला. तूप लावून. आंगातली समदी उष्णता काळी हुन भायेर येती. माजी वाटी देते, म्हायेरची हाय. पर आठवनीनं परत द्या."

वाटी आली. रतन बापाच्या पायाशी बसली, तळव्याला तूप चोपडलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी कुंडलिकरावांनी आजवर जगापासून लपवून ठेवली होती. त्यांना तळव्यांना भयंकर गुदगुल्या होत.

कुंडलिकराव हसत नसत. मोजणीदार हसला की बागायतदार लगेच म्हणतात, एवढा वाफा सोडा की मोजणीतून. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून त्यांनी चेहरा कायम गंभीर ठेवला होता. आता वाटीचा पहिला वेढा झाला तेव्हा त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं. दुसऱ्या वेढ्याला ते टोक बाहेर उडालं आणि त्यांच्या पोटातून असं काही हसू निघालं की ओसरीवरची कोंबडी उडून खाली गेली. बारीक, किनरं आणि न थांबणारं. रस्त्यानं जाणारी माणसं थबकली. कुणीतरी म्हणालं, मोजणीदारांच्या घरी पाहुणी आलीय वाटतं. गेणबा चौकशीला आला तेव्हा त्याला दिसलं ते असं: मोजणीदार भिंतीला टेकून डोळे पुसताहेत, तळवे तव्यासारखे काळे झालेत, आणि छबूबाई सारवलेल्या भुईवरचे काळे पायठसे पुसतेय.

"उष्णता निगाली," ठमाबाईनं निकाल दिला.

उष्णता निघाली असेल, भेगा तशाच होत्या. त्यावर गेणबाचं औषध निघालं. राळ, मेण आणि तिळाचं तेल एकत्र कढवायचं आणि गरम असतानाच भेगांत भरायचं. औषध खरोखर चांगलं होतं. फक्त घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, असं गेणबानं बजावलं होतं. कुंडलिकराव हललेही नसते. पण सतरंजीवर टाचा टेकून ते बसतात न बसतात तोच दारात ओव्हरसियर उभे. पाटाला कुठं तरी भगदाड पडलं होतं आणि त्याची विचारपूस करायला ते स्वतः आले होते. वरिष्ठ दारात उभा असताना बसून राहणं हे कुंडलिकरावांच्या रक्तात नव्हतं. ते ताडकन उठले आणि सामोरे गेले. सतरंजीही गेली.

ओव्हरसियर त्यांच्या पायांमागे आलेल्या सतरंजीकडे बघत राहिले. "हे काय?"

"आपल्याला बसायला आणली, साहेब," कुंडलिकराव म्हणाले.

ओव्हरसियरना हा आदर आवडला. ते सतरंजीच्या दुसऱ्या टोकावर बसले, चहा मागितला, आणि भगदाडाविषयी सावकाश बोलत राहिले. तोवर कुंडलिकराव जागच्या जागी उभे होते. मोजणीदार समोर बसत नाहीत, किती रीत आहे माणसाला, असं ओव्हरसियरनी ऑफिसात जाऊन सांगितलं म्हणे. सतरंजी शेवटी छबूबाईनं कात्रीनं सोडवली. तिच्या मधोमध दोन टाचांएवढी भोकं पडली.

भेगा मात्र भरल्या. राहिली तळव्यांची आग, आणि इंदापूरला जायचा दिवस तर उद्यावर आला. छबूबाई काटेवाडीला बहिणीकडे गेली होती. चालत जाऊन संध्याकाळपर्यंत चालतच परतायची होती. ती घरात असती तर पुढचं काही घडलं नसतं.

"मेंदी लावा," ठमाबाई कुंपणावरून म्हणाली. "आमच्या मळ्याच्या कडंनं रग्गड हाय. मेंदीवानी गार काय न्हाय. जरा टायेम ठिवायची, गारवा वाटला की धुवायची. रंग बी चडत न्हाय यवड्यात."

ठमाबाईचा सल्ला बरोबर होता. फक्त ती मेंदी रतनच्या हाती पडली. रतनला मेंदी वाटायची एकच रीत ठाऊक होती, नागपंचमीची. तिनं पाल्यात कात घातला, लिंबू पिळलं, पाट्यावर लोण्यासारखं वाटण केलं आणि बापाचे पाय मांडीवर घेतले. बापाला गुदगुल्या होतात हे आता तिला कळलं होतं, म्हणून तिनं बोटांनी न लावता तळहातानं दाबून दाबून लावली. गार लेप तळव्याला लागला आणि कुंडलिकरावांना संक्रांतीपासून पहिल्यांदा बरं वाटलं. "थोड्या वेळानं धू गं," असं ते म्हणाले, आणि ते वाक्य पुरं होण्याआधीच घोरायला लागले. एवढी गाढ झोप मोडायची कशी? रतनला धीर होईना. मेंदी उरली होती, ती वाया जाऊ नये म्हणून तिनं पावलांच्या कडांना लावली, बोटांना लावली, नखांवर टिकल्या काढल्या. दुपार टळली. लेप वाळून तडकला तरी बाप उठेना.

ते उठले तेव्हा उन्हं उतरली होती. तळवे थंडगार झाले होते. आग नाही, ठणका नाही. कुंडलिकराव खुशीत परसात गेले, पायांवर पाणी घेतलं, आणि तिथंच मटकन बसले. दोन्ही पावलं तळव्यांपासून नखांपर्यंत लालभडक झाली होती. असा रंग नागपंचमीला अख्ख्या आळीत कुणाच्या हातावर चढला नव्हता.

मग त्यांनी राख घासली, साबण घासला, वीट घासली. गेणबानं दिव्यातलं घासलेट आणून दिलं. कुणी म्हणालं लिंबू चोळा, तर लिंबानं रंग आणखी खुलला. रतन कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून उभी होती. तेवढ्यात छबूबाई काटेवाडीहून आली. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, नवऱ्याच्या पायांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं,

"कुटल्या गावची ठरीवली?"

"काय?"

"नवरी."

"हा उष्णतेवरील उपचार आहे," कुंडलिकराव म्हणाले.

"मला म्हाईत हाय वो. इंदापूरच्या लोकास्नी कुटं म्हाईत हाय?" छबूबाई खाली बसली. "ते काय म्हनतील सांगू? बाप दुसरी करतुया, म्हनून पयलीच्या लेकीला घाईनं उजवाय लागलाय. अशा घरची पोरगी कोन करंल?"

त्या काळात पहिली असताना दुसरी करणारे गावोगाव होते, आणि बाशिंग बांधल्याशिवाय पायाला मेंदी लावणारा बाप्या कुणी पाहिला नव्हता. लंगडण्यापासून सुटका झाली आणि त्याहून वाईट गळ्यात पडलं, हे सगळ्यांना कळलं होतं. रतन आत गेली आणि त्या दिवशी भाकरी थापताना तिचं गुणगुणणं ऐकू आलं नाही.

आता मार्ग एकच होता. पायमोजे घालायचे, वर बूट चढवायचे, आणि काहीही झालं तरी काढायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकराव आणि गेणबा सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला पोचले. ऊन मी म्हणत होतं. आबासाहेबांच्या दारात पाऊल ठेवतात तोच थोरली सून पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. आल्या पाहुण्यानं आधी पाय धुवायचे, मग उंबरा ओलांडायचा, ही रीत बारामतीत होती तशी इंदापुरातही होती. कुंडलिकरावांना ती ठाऊक नव्हती असं नाही. रात्रभर त्यांनी मेंदीचाच एवढा घोर केला, की या तांब्याची आठवण त्यांना झालीच नव्हती.

"पाय धुवा, मामा," सून म्हणाली.

"असू द्या, असू द्या."

"बूट?" आबासाहेबांनी हसून विचारलं. आत जाजम अंथरलं होतं. जाजमावर बुटांनी जाणं शक्यच नव्हतं, एवढं भान कुंडलिकरावांना राहिलं. त्यांनी बूट काढले आणि पायमोज्यांनिशी आत शिरले.

"पायमोजं बी काडा की. उन्हाळा हाय."

"सर्दी झालीय," कुंडलिकराव म्हणाले.

"पायाला?"

यावर गेणबा गडबडीनं म्हणाला, "नवस हाय त्येंचा."

आक्काबाई घोंगडीवर बसली होती. कृश म्हातारी, कपाळावर आडवं गोंदण, डोळे घारे. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. पाहुणे बसले, पान आलं, गावाकडच्या पाण्यापावसाच्या गोष्टी झाल्या. उजव्या पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि त्यातून लाल नख डोकावत होतं. कुंडलिकराव ते डाव्या पायानं झाकत. मग डाव्याच्या टाचेचं भोक उघडं पडे, ते उजव्यानं झाकत. म्हातारी बघत होती. आबासाहेबांनी तबकातली सुपारी उचलली, अडकित्ता उघडला.

"थांब आबा," आक्काबाई म्हणाली. "पाव्हनं, पाय दावा."

"आक्का, पायांचं काय एवढं—" कुंडलिकराव पाय मागे ओढत म्हणाले.

"नवस का सर्दी, ते काय मला कळंना. आमच्या गावात एकजन आसंच पाय झाकून बसायचा. मागनं कळलं, त्यो वंगाळ रोग हुता. खरं आसंल ते आसू द्या, पर दावा."

आबासाहेबांनी अडकित्ता तबकात ठेवला. तो ठेवल्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण कुंडलिकरावांच्या काळजात तो बसला. सकाळी निघताना रतन उंबऱ्यात उभी होती. तिनं काही विचारलं नव्हतं, फक्त त्यांच्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली होती. ती आता संध्याकाळी पुन्हा तिथंच उभी असेल. कुंडलिकरावांचा मान, खात्याचा मान, सगळं त्या क्षणी त्यांना फालतू वाटलं. त्यांनी पायमोजे ओढून काढले आणि दोन्ही पाय सरळ म्हातारीपुढे पसरले.

दाराआड कुणीतरी "आगं बया!" म्हणालं. आबासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. गेणबानं डोळे मिटून घेतले.

"मेंदी?" आक्काबाई म्हणाली. "नवरी कुटली?"

"नवरी न्हाय वो आक्का!" कुंडलिकरावांची पुस्तकातली भाषा कुठल्या कुठं पळाली. "आग हुत हुती पायाची. म्हनून लावली."

"आसंल. पर कातड्यावरचं डाग झाकाय बी लावत्यात." म्हातारी उठून जवळ आली. येताना तिनं कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून घेतली. "त्या रोगात तळव्याला कळत न्हाय म्हंत्यात. डोळं मिटा. काडी लागली का तेवडं सांगा."

"आक्का, एवडं नगा करू," कुंडलिकराव खरोखर घाबरून म्हणाले.

"मिटा."

त्यांनी डोळे मिटले. काडी उजव्या तळव्यावरून टाचेपासून बोटांपर्यंत हलकेच गेली.

बारामतीत जे घडलं होतं ते त्या मानानं काहीच नव्हतं. कुंडलिकराव जाजमावर आडवे झाले. फेटा एकीकडे, उपरणं एकीकडे, आणि तोंडातून ते किनरं हसू सुटलं ते थांबेचना. "कळतंय! आक्का, कळतंय! बास!" म्हातारीला खात्री करून घ्यायची सवय होती, तिनं काडी डाव्या तळव्यावरूनही फिरवली. दाराआडच्या सुना फिदीफिदी हसायला लागल्या, आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या आणि मग त्यांनीही मांडीवर थाप मारली. शेवटी आक्काबाईच्या हातातून काडी गळून पडली आणि ती तोंडाला पदर लावून खाली बसली.

हसता हसता कुंडलिकरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्याबरोबर सगळं खरं बाहेर आलं. बूट, भेगा, आधण, वाटी, सतरंजी, लेकीनं लावलेली मेंदी. "डाळजचं तुमी चुलत्याच्या डोळ्यावरनं मोडलं म्हनून भ्यालो, आक्का. म्हनलं, बाप लंगडा दिसला तर माज्या पोरीचं वाटुळं हुईल."

"डोळ्यावरनं?" आक्काबाईनं गेणबाकडे असं पाहिलं की तो जाजमाचे धागे मोजू लागला. "आरं, चकना आसंना का! म्या सरळ इचारलं, तर म्हनला डोळ्यात कचरा ग्येलाय. सुपारी फोडायला बसला आन् तितंच थाप मारली. यवड्याशा गोष्टीला जो खोटं बोलतुया, त्यो पुडं काय करंल? म्हनून मोडलं." मग ती कुंडलिकरावांकडे वळली. "तुमी बी त्याच वाटंनं चालला हुता. मोजं काडलं म्हनून बसलाय हितं."

कुंडलिकराव मान खाली घालून बसले.

"मेंदी पोरीनं लावली?"

"व्हय."

"आन् तुमास्नी झोप लागली?"

"लई गाढ."

आक्काबाईनं त्यांच्या पावलांकडे पुन्हा नीट पाहिलं. टिकल्या पाहिल्या, कडा पाहिल्या. "हात चांगला हाय पोरीचा," ती म्हणाली. "आबा, फोड सुपारी."

सुपारी फुटली. कुंडलिकरावांना एकदम इतकं हलकं वाटलं की आपला फेटा अजून जाजमावरच पडलाय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. पेढे आले, जेवणं झाली. आता कुणी पायांकडे बघो न बघो, ते जाजमावर पाय पसरून ऐसपैस बसले होते.

निघताना आक्काबाई ओट्यावर आली. तिनं एक बूट उचलला आणि त्यांच्या पावलाशेजारी धरला. "सिद्धूचं पोर न्हवं तुमी? माज्या बापाची आन् त्येची मेंढरं एका वाटंनं जायची. काय पाय हुता त्येचा! दगडावर टेकला तर दगूड हलायचा न्हाय. आन् त्या पायाचा तुमी ह्यो इस्कोट केला? ह्ये दोनी बूट आमी ठिवून घेतलं. आबा, तुज्या वहाना दे पाव्हन्याला."

म्हणजे बुटांवरची बंदी अखेर आली, आणि पुण्याला न विचारता आली. कुंडलिकरावांनी तिच्यापुढे हात जोडले. आबासाहेबांच्या रुंद वहाणा घालून ते मोटारीपर्यंत गेले तेव्हा गेणबा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आवं, तुमी लंगडत न्हाय." कुंडलिकराव दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. खरंच लंगडत नव्हते.

बारामतीला पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. रतन उंबऱ्यात होती. बापाच्या हातातला पेढ्यांचा पुडा तिनं पाहिला आणि तोंड लपवून आत पळाली. थोड्या वेळानं चुलीपाशी गुणगुणणं सुरू झालं. कुंडलिकराव ते ऐकत ओट्यावर टेकले.

छबूबाई शेजारी येऊन बसली. तिनं सगळी हकीकत ऐकून घेतली, एकदा मान हलवली, आणि भिंतीला टेकून पाय पुढे केले. काल ती काटेवाडीला जाऊन आली होती, आणि आज दिवसभर घर सारवलं होतं. कुंडलिकरावांचं लक्ष सहज तिच्या टाचांकडे गेलं. त्या भेगांपुढे त्यांच्या भेगा म्हणजे काहीच नव्हत्या. किती वर्षांच्या होत्या कोण जाणे. तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

ते उठले. घंगाळ बारशाहून परत आलं होतं. त्यांनी त्यात पाणी ओतलं, मीठ टाकलं, ऊन किती ते हात घालून पाहिलं.

"ह्ये काय काडलंय आनि?" छबूबाई म्हणाली.

"बस गप. दोन्ही पाय मावत्यात ह्यात."

"आवं, लोक बगतील! दार तरी लावा."

त्यांनी दार लावलं. फडताळातून तूप काढलं आणि ठमाबाईची वाटी काढली.

गेणबा अंगणात बाजेवर पडून ठमाबाईला इंदापूरची हकीकत सांगत होता. डाळजच्या चुलत्याचा भाग तो गाळणार होता, तेवढ्यात मोजणीदारांच्या घरातून हसू ऐकू आलं. मोठं, मोकळं, थांबता थांबेना असं.

"कुंडलिकराव परत सुरू झालं जनू," गेणबा म्हणाला.

ठमाबाईनं कान दिला. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहत होती, पण हे हसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"त्ये न्हवं," ती म्हणाली. "ही छबू हाय."

मग तिनं लुगडं सावरलं, स्वतःच्या टाचा वळवून पाहिल्या, आणि नवऱ्याला म्हणाली,

"आवं, त्येंचं झालं की आपली वाटी तेवडी मागून आना."